सांधेदुखी, वातरक्त आणि वरणाची वाटी

व्याकरणांतील संधि आणि शरीरांतील संधि यांत मोठा भेद आहे. व्याकरणांत दोन वर्ण जवळ आले म्हणजे पुढें काय व्हावयाचें तें नियमानें ठरलेलें असतें. शरीरांत दोन हाडें जेथें भेटतात तेथें साठीनंतर काय होईल हें सांगणें कठीण. आज कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबांत पाहावें, तों एक तरी वडील माणूस गुडघा चोळीत, भिंतीचा आधार घेत, पाटावर बसण्याचें टाळीत असलेलें दिसतें. हें दुखणें सहसा प्राणावर बेतत नाहीं, म्हणून त्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. आणि तें मुळापासून जातहि नाहीं, म्हणून जो भेटेल तो एक उपाय सांगून जातो.

अलीकडे यांत रक्ततपासणीच्या कागदाची भर पडली आहे. त्या कागदावर 'यूरिक ॲसिड' या शब्दांपुढें जाड ठशांत एक आंकडा आला कीं घरांत एकच गडबड उडते. आजोबांच्या पानांतील वरणाची वाटी दुसऱ्या दिवसापासून नाहींशी होते. मागोमाग उसळ, पालेभाजी, दहीं, लिंबू यांवर बंदी येते. दुखणें थांबतें किंवा थांबत नाहीं. जेवणाची गोडी मात्र खात्रीनें जाते. आणि पुन्हां सांधा सुजला तर 'कालच्या आमटींत डाळ जास्त होती' असा ठपका सूनबाईवर येतो. ही बंदी कितपत सयुक्तिक आहे, कोणतें दुखणें खरें वातरक्त व कोणतें नव्हे, आणि ज्याला तें आहे त्यानें व त्याच्या घरच्यांनीं कसें वागावें, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. आम्ही वैद्य नव्हों. म्हणून जें आज सर्वमान्य झालें आहे तेवढेंच सांगणार आहों.

आपल्या आयुर्वेदांत या रोगास 'वातरक्त' असें नांव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील एकोणतिसावा अध्याय सबंध याच रोगाला वाहिलेला आहे. तेथें त्याचीं दुसरीं नांवेंहि दिलीं आहेत. त्यांपैकीं 'आढ्यवात' हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. आढ्य म्हणजे धनवान्. ज्यांचें शरीर सुकुमार, ज्यांना मिष्टान्नाची आवड आणि चालण्याफिरण्याचा कंटाळा, अशांना हा रोग बहुधा होतो, असें तो ग्रंथ सांगतो. त्वचा व मांस यांपुरता राहणारा तो 'उत्तान' आणि खोल सांध्यांत शिरणारा तो 'गंभीर', असे त्याचे प्रकारहि सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेंत तो पायाच्या मुळापासून, क्वचित् हातांच्या मुळापासून सुरू होऊन उंदराच्या विषाप्रमाणें हळूहळू देहभर पसरतो, असें वर्णन आहे. पुढें माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत 'आमवात' हा रोग वातरक्तापासून निराळा काढून त्याला स्वतंत्र अध्याय दिला. म्हणजे 'सांधा दुखतो तो सगळा एकच वात' ही समजूत आपल्या शास्त्राची नव्हे. ती शास्त्र विसरलेल्यांची आहे.

पश्चिमेकडेहि या रोगाचा इतिहास तितकाच जुना आहे. ग्रीक लोक त्यास 'पोडाग्रा' म्हणत. त्याचा अर्थ पायास पकडणारा सांपळा. स्त्रियांना मासिक ऋतु बंद होईपर्यंत हा रोग होत नाहीं, हें हिपॉक्रेटिसच्या नांवावरील सूत्रांत नमूद आहे, आणि थोडे अपवाद सोडल्यास तें आजहि खरें आहे. 'गाऊट' हा शब्द थेंब या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. दूषित रस सांध्यांत थेंबथेंब गळतो अशी जुनी कल्पना होती. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्यास स्वतःलाच हा रोग होता. त्यानें १६८३ सालीं लिहिलेलें वर्णन आजहि अचूक मानतात. मनुष्य स्वस्थ झोंपतो. मध्यरात्रीनंतर पायाच्या अंगठ्यांतील कळेनें जागा होतो. आणि पहाटेपर्यंत पांघरुणाचा भार किंवा खोलींत कोणी चालल्याचा हादरासुद्धां त्याला सोसवत नाहीं.

कारणाचा उलगडा व्हावयास मात्र पुष्कळ काळ लागला. १६७९ सालीं लेव्हेनहुक या डच संशोधकानें अशा रोग्याच्या गांठींतील खडूसारखा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तों त्यांत सुईसारखे स्फटिक दिसले. १७७६ सालीं शेले यानें मूतखड्यांतून यूरिक ॲसिड वेगळें काढलें. १८४८ सालीं लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यानें गाऊटच्या रोग्यांच्या रक्तांत तें वाढलेलें असतें असें दाखविलें. १८५९ सालीं त्याच गॅरडनें, ज्यास आपण आमवात म्हणतों त्या रोगाला इंग्रजींत निराळें नांव देऊन तो गाऊटपासून वेगळा केला. आपल्या माधवकरानें तेंच कितीतरी शतकें आधीं केलें होतें. अखेर १९६१ सालीं मॅकार्टी व हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनीं सुजलेल्या सांध्यांतील पाणी विशिष्ट प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून ते स्फटिक प्रत्यक्ष दाखविले. गाऊटची निःसंशय परीक्षा आजहि तीच आहे.

हें यूरिक ॲसिड येतें कोठून? आपल्या देहांतील पेशींच्या गाभ्यांत 'प्यूरीन' नांवाचीं द्रव्यें असतात. जुन्या पेशी मोडतात, नव्या होतात, आणि या उलाढालींत प्यूरीनचें शेवटीं यूरिक ॲसिड होतें. बहुतेक सस्तन प्राण्यांपाशीं तें विरघळवून टाकणारें एक पाचक द्रव्य असतें. मनुष्यानें तें उत्क्रांतीच्या ओघांत गमाविलें आहे. म्हणून आपल्याला तें मूत्रपिंडांवाटे, आणि कांहीं अंशीं आंतड्यांवाटे, बाहेर टाकावें लागतें. शरीरांतील एकंदर यूरिक ॲसिडपैकीं सुमारें दोन तृतीयांश देहांतच तयार होतें. अन्नांतून येतें तें फार तर एक तृतीयांश. तें ज्यांच्या रक्तांत सांचतें त्यांपैकीं बहुतेकांच्या बाबतींत खाणें जास्त हें मुख्य कारण नसून मूत्रपिंडांतून उत्सर्ग कमी हें कारण असतें, आणि ही प्रवृत्ति पुष्कळदां आनुवंशिक असते. 'आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आम्हांला हा रोग कसा?' या प्रश्नाचें उत्तर येथें आहे.

दर १०० मिलिलिटर रक्तांत सुमारें ६.८ मिलिग्रॅमच्या वर हें प्रमाण गेलें म्हणजे, पाण्यांत फार साखर टाकल्यावर ती तळाशीं बसावी तसे, त्याचे स्फटिक होऊं लागतात. थंडाव्यांत स्फटिक लवकर बनतात. पायाचा अंगठा हृदयापासून दूर व थंड, म्हणून पहिला मान बहुधा त्याचा. परंतु येथेंच एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. प्रमाण वाढलेल्या बहुतेक लोकांना गाऊट कधींच होत नाहीं. नुसता आंकडा वाढला, सांधा कधीं सुजला नाहीं व मूतखडाहि नाहीं, अशा माणसास सहसा औषधाची जरूर नसते. उलट ऐन दुखण्यांत रक्त तपासलें तर प्रमाण नेहमींसारखें दिसूं शकतें. म्हणून सूज उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांनीं तपासणी पुन्हां करावी लागते. तात्पर्य, कागदावरील आंकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

मग दुखणें ओळखावें कसें? गाऊट येतो तो अचानक, बहुधा रात्रीं, आणि सामान्यतः एकाच सांध्यांत. एका दिवसाच्या आंत वेदना पराकोटीस पोंचते. सांधा लाल, चकचकीत व गरम होतो. आणि आठ-पंधरा दिवसांत सर्व शांत होऊन पुढें महिनोन् महिने नांव नसतें. गुडघ्यांची झीज अशी येत नाहीं. ती वर्षानुवर्षें हळूहळू वाढते, चालण्यानें व जिना चढण्यानें दुखते, विश्रांतीनें थांबते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासांत मोकळा होतो. आमवातांत दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सारखेच सुजतात, सकाळीं तासभर तरी मूठ वळत नाहीं, आणि हा रोग स्त्रियांत अधिक आढळतो. त्याची चिकित्सा लवकर झाली नाहीं तर सांधे कायमचे वांकडे होतात. चिकुनगुनियाच्या तापानंतर राहणारी सांधेदुखी आठवडे, कधीं महिनेहि, चालते. म्हातारपणीं गुडघ्यांत किंवा मनगटांत कॅल्शियमचे निराळे स्फटिक सांचूनहि गाऊटसारखेंच दुखणें येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, सांधा लाल-गरम होऊन बरोबर थंडीताप असेल तर आंत पू झालेला असण्याचा संभव असतो. अशा वेळीं दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें.

एकाच देहांत दोन दुखणीं नांदूं शकतात, हें आम्हांस स्वानुभवानें ठाऊक आहे. आमचे दोन्ही गुडघे कित्येक वर्षें कुरकुरत आहेत, आणि उजव्या पायाचा अंगठा आजवर तीनदां एका रात्रींत सुजून आला. घरच्या मंडळींनीं दोहोंस एकच नांव ठेविलें होतें. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं गुडघ्यांची झीज आहे, आणि अंगठ्याचा बहुधा गाऊट. 'बहुधा' हा शब्द त्यांनीं जाणून वापरला, कारण सूज असतांना सांध्यांतील पाणी काढून पाहिलेलें नव्हतें. पुढच्या खेपेस सूज येतांच या, मग खात्री करूं, असें ते म्हणाले. असा 'बहुधा' घेऊन कांहीं काळ राहावें लागतें. पण त्या शब्दाचा अर्थ कळल्यानें आम्ही दोन दुखण्यांचे दोन उपाय निरनिराळे ठेवावयास शिकलों. गुडघ्यांस शेक व व्यायाम. अंगठ्यास थंडावा व विश्रांति.

आपल्या घरांतून सांधा सुजला कीं तेल चोळून शेकण्याची रीत आहे. झिजलेल्या, ताठलेल्या गुडघ्यास कोमट शेक सुखावतो, हें खरें. परंतु भडकलेल्या गाऊटच्या सांध्यास चोळणें व शेकणें दोन्ही वर्ज्य. तेथें कपड्यांत गुंडाळलेलें बर्फ दहा-पंधरा मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां ठेवावें. पाय उशीवर उंच ठेवावा. आणि पांघरूण अंगठ्यास लागूं नये म्हणून त्यावर एखादी रिकामी टोपली किंवा तिवई ठेवून मग पांघरावें. यास खर्च कांहींच नाहीं, आणि रात्र निघते.

आतां वरणाच्या वाटीकडे वळूं. डाळींत प्यूरीन असतें हें खरें. म्हणून पूर्वी डॉक्टरहि ती वर्ज्य सांगत. परंतु अमेरिकेंत सुमारें ४७,००० पुरुषांच्या आहाराची बारा वर्षें नोंद ठेवून तिचा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला. मांस व मासे यांचा आहार अधिक असणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला. डाळी, पालक, फ्लॉवर, अळंबीं अशा प्यूरीनयुक्त शाकाहारानें मात्र तो वाढला नाहीं. आणि दूधदुभतें, विशेषतः साय काढलेलें, घेणाऱ्यांत तो कमी आढळला. तेव्हां आजोबांचें वरण व ताक बंद करणें म्हणजे निरपराध्यास शिक्षा देणें आहे. शाकाहारी घरांत डाळ व दूध हींच प्रथिनांचीं मुख्य साधनें. तीं तोडलीं कीं म्हाताऱ्या माणसाच्या मांडीचें मांस झडतें, आणि दुबळ्या मांडीवर गुडघा अधिकच दुखतो. दहीं-लिंबावरील बंदी तर केवळ शब्दाच्या घोटाळ्यांतून आली आहे. 'ॲसिड' म्हणजे आंबट, म्हणून आंबट खाल्ल्यानें तें वाढतें, असें कांहीं नाहीं.

मग अपथ्य कोणतें? ज्यांच्याकडे मत्स्यमांस चालतें त्यांनीं काळीज, गुर्दा, कोळंबी, बांगडा व तारली यांस आवर घालावा. बिअर व मद्य यांचा दोष सर्वांत मोठा. आणि ज्यांना हीं दोन्ही वर्ज्य आहेत त्यांच्या घरांत जो दोष उघड शिरतो तो गोडाचा. बाटलींतलीं गोड पेयें, पाकिटांतले फळांचे रस, पाकांतलीं पक्वान्नें यांतील फलशर्करेपासून देहांत यूरिक ॲसिड तयार होतें. चरकानें 'मिष्टान्न' म्हटलें होतें तें वरणाला उद्देशून नव्हे! दुसरी गोष्ट उपवासाची. कडक उपवासांत देह आपलीच चरबी जाळूं लागतो, आणि त्यांतून निघणारीं द्रव्यें मूत्रपिंडांतून यूरिक ॲसिड बाहेर पडूं देत नाहींत. त्यांत पाणीहि वर्ज्य केलें तर रक्त अधिकच दाट होतें. म्हणून निर्जळी एकादशीच्या मागोमाग अंगठा सुजला तर नवल नाहीं. ज्याला हा विकार आहे त्यानें फलाहार व भरपूर पाणी घेऊन व्रत करावें. आतुरास नियम शिथिल असतात हें आपल्या शास्त्रकारांस मान्यच आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनीं मात्र पाणी किती प्यावें तें डॉक्टरांस विचारावें. तरीहि पथ्याच्या शक्तीस मर्यादा आहे. नुसत्या पथ्यानें रक्तांतील प्रमाण बहुधा सुमारें एक मिलिग्रॅमच उतरतें. ज्याचा आंकडा नऊ आहे त्याला तेवढ्यानें पुरत नाहीं. वजन अधिक असेल तर तें सावकाश उतरविणें गाऊट व गुडघा दोघांसहि हितकर.

औषधांत प्रथम घरांतील जुनीं औषधें पाहावींत. रक्तदाबासाठीं दिलेल्या, लघवी अधिक करणाऱ्या गोळ्या, आणि हृदयासाठीं रोज घ्यावयाची लहानशी ॲस्पिरिनची गोळी, यांनीं यूरिक ॲसिड थोडें वाढतें. त्या आपण होऊन मुळींच बंद करूं नयेत. पण डॉक्टरांच्या कानावर घालावें, म्हणजे जेथें शक्य असेल तेथें ते पर्याय देतात.

दुसरी सूचना वेदनाशामक गोळ्यांविषयीं. डायक्लोफिनॅकसारखी गोळी डॉक्टरांनीं चार दिवस दिली तर ती गुणकारी आहे. पण दुकानांतून स्वतः आणून महिनोन् महिने घेतल्यास ती जठरास व्रण पाडते आणि मूत्रपिंडांस इजा करते. या औषधाचा एक विलक्षण इतिहास आहे. १९९० नंतरच्या दशकांत आपल्या देशांतून गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनावरून त्याचें कारण प्रसिद्ध झालें. गुरांना डायक्लोफिनॅक टोंचीत असत. तें अंगांत असतांना मेलेल्या गुराचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत, आणि त्यांच्या काळजावर व इतर इंद्रियांवर यूरिक ॲसिडच्या क्षाराचा पांढरा थर बसे. म्हणजे गिधाडें गाऊटनेंच मरत होतीं! २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. मनुष्य म्हणजे गिधाड नव्हे. तरी मूत्रपिंडें बिघडलीं म्हणजे यूरिक ॲसिड कोठें जातें, हें त्या मुक्या पक्ष्यांनीं आपल्याला दाखवून ठेविलें आहे.

ऐन दुखण्यांत कॉल्चिसिन हेंहि एक जुनें औषध आहे. तें ज्या कंदांतून निघतें त्याच्याच जातींतील काश्मीरचा कंद यूनानी हकीम 'सुरंजान' या नांवानें वापरीत आले. तें थोड्या मात्रेंतच अमृत. मात्रा चुकली कीं विष. पुन्हां पुन्हां झटके येऊं लागले, मूतखडा झाला, किंवा कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर खडूसारख्या गांठी दिसूं लागल्या, तर रक्तांतील प्रमाण कायमचें उतरविणारें औषध लागतें. त्यांत ॲलोप्युरिनॉल मुख्य. तें १९६६ पासून गाऊटसाठीं प्रचारांत आहे, आणि ज्या संशोधनांतून तें निघालें त्याचे कर्ते जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें औषध लहान मात्रेनें सुरू करून, प्रमाण सहाच्या खालीं येईपर्यंत डॉक्टर तें वाढवीत नेतात. आरंभींच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळूं लागल्यामुळें झटके उलट वाढल्यासारखे वाटतात. तेथेंच पुष्कळ लोक कंटाळून औषध सोडतात. तसें करूं नये. मात्र अंगावर पुरळ उठलें तर तें तत्काळ थांबवून डॉक्टरांस दाखवावें, कारण क्वचित् तें पुरळ प्राणघातक ठरतें.

वैद्यांकडील गुळवेल व कैशोर गुग्गुळ हीं वातरक्तावरचीं प्रसिद्ध औषधें आहेत. तीं जाणत्या वैद्यानें नाडी व प्रकृति पाहून द्यावीं. २०२१ सालीं मुंबईच्या कांहीं डॉक्टरांनीं गुळवेलीनंतर यकृतास इजा झालेले रोगी नोंदविले. आयुष मंत्रालयास तो निष्कर्ष मान्य झाला नाहीं. वाद कांहींहि असो, ज्याचें यकृत दुबळें आहे त्यानें ती स्वतःच्या मनानें घेऊं नये. आणि ज्या पुडीवर नांव नाहीं, घटक नाहींत, पण एका दिवसांत सांधा मोकळा होतो, ती पुडी तर घरांतच आणूं नये. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलें अनेकदां आढळलें आहे. तें आज वेदना हरतें आणि उद्यां हाडें पोकळ करतें, साखर वाढवितें.

राहिली घरांतील वागणूक. गुडघे झिजलेल्या माणसानें पाटावर व मांडी घालून बसण्याचा हट्ट सोडावा, आणि घरच्यांनींहि तो करूं नये. देव चौरंगावर मांडून आपण खुर्चीवर बसून पूजा केली तर पूजेस उणेपणा येत नाहीं. पंक्तींत वडिलांचें पान टेबलावर मांडलें तर त्यांना एकटें वाटूं नये म्हणून एखाद्या नातवानें त्यांच्या शेजारीं बसावें. शौचकूपांत बैठकीची सोय व भिंतीस धरावयास दांडी असावी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत धरावी. पुष्कळ लोक ती त्याच बाजूस धरतात. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ ताठ करून थोडा वेळ धरावा व सोडावा, असें सकाळ-संध्याकाळ दहा-बारा वेळां केल्यास मांडीस बळ येतें, आणि तें बळ गुडघ्याचा भार उचलतें.

ज्येष्ठांनींहि एक करावें. दुखणें लपवूं नये आणि त्याचें कीर्तनहि मांडूं नये. एका वहींत तारीख, सुजलेला सांधा, आदल्या दिवसाचा उपवास, प्रवास किंवा नवें औषध एवढें लिहून ठेवावें. चार ओळींची ती नोंद डॉक्टरांस चार शेजाऱ्यांच्या सल्ल्यांहून अधिक उपयोगी पडते. आणि पुढील तपासणीस जातांना ती वही बरोबर न्यावी. तोंवर सूनबाईंनीं वरणाची वाटी नेहमींच्या जागीं निःशंक वाढावी.